तिसऱ्या गेममध्ये बॉल डावीकडे का जातो, आणि त्यासाठी नवा बॉल घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही उजव्या हाताने टेनपिन बॉलिंग खेळता. पहिल्या गेममध्ये १८०-१९० गुण सहज होतात, दुसऱ्या गेमच्या मध्यापासून तोच बॉल हेडपिनच्या (सर्वांत पुढच्या, १ नंबरच्या पिनेच्या) डाव्या अंगाला जाऊ लागतो, मग तुम्ही जोर लावून टाकू लागता आणि तिसरा गेम १३० च्या आसपास अडकतो. बॉल रिअॅक्टिव्ह रेझिनचा (तेल शोषणाऱ्या, जास्त वळणाऱ्या प्लास्टिकचा), १५ पौंडांचा, वर्षभर वापरलेला आहे. टाकण्यात चूक होते आहे की बॉल संपला आहे, आणि कमी वळणारा दुसरा बॉल घ्यावा का, असे तुम्ही विचारले आहे. मी वीस वर्षांहून अधिक काळ बॉलिंग शिकवते आणि हाताच्या मापाप्रमाणे बॉलना छिद्रे पाडून देण्याचे कामही करते. नवा बॉल घ्यायला आलेल्या माणसाला मी बहुधा आधी हेच विचारते की, जुना बॉल लेनवर आखलेल्या बाणांवरून कुठून जातो ते तुम्ही पाहिले आहे का. तुमच्या प्रश्नात ही माहिती नाही आणि उत्तर तिच्यावरच अवलंबून आहे.

तुमचा खरा प्रश्न बॉलचा नाही. तिसऱ्या गेमपर्यंत लेन बदलली की तुम्ही बदललात, हे ओळखता येत नाही, अशी तुमची अडचण आहे. दोन्हींचे लक्षण एकच दिसते, कारण बॉल दोन्ही वेळा डावीकडेच जातो. उपाय मात्र पूर्णपणे वेगळे आहेत.

तुमचे टाकणे मी पाहिलेले नाही, त्यामुळे काही गोष्टी परिस्थितीवर सोपवाव्या लागतील. लेनवर तेल किती आणि किती लांबीपर्यंत घातले आहे, त्याच लेनवर तुमच्यासोबत किती जण खेळतात आणि ते कोणते बॉल वापरतात, लेन लाकडी आहे की कृत्रिम, तुमच्या बॉलचा वेग आणि फिरण्याचा वेग किती आहे, यांतील एकही गोष्ट बदलली तरी पुढे दिलेले आकडे थोडे इकडेतिकडे होतील. विचार करण्याची पद्धत मात्र तीच राहील.

सुरुवात तेलापासून करू, कारण ते डोळ्यांना दिसत नाही आणि म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होते. फाउल लाइनपासून, म्हणजे बॉल टाकताना जी ओलांडायची नसते त्या रेषेपासून, हेडपिनपर्यंत लेन ६० फूट म्हणजे सुमारे १८.३ मीटर लांब आणि ४१.५ इंच म्हणजे सुमारे १.०५ मीटर रुंद असते. रुंदीत ३९ पट्ट्या असतात. कृत्रिम लेनवर त्या नुसत्या छापलेल्या असतात, पण मोजायला तशाच उपयोगी पडतात. या लेनवर पहिल्या ४० फुटांच्या आसपास तेल घालतात आणि पुढचा भाग कोरडा ठेवतात. एका लेनवर जेमतेम २० ते ३० मिलिलिटर तेल पडते. २५ मिलिलिटर धरून हिशेब केला, तर ४० फूट लांब आणि ४१.५ इंच रुंद जागेवर थराची सरासरी जाडी सुमारे २ मायक्रॉन येते. माणसाचा केस याच्या कित्येक पट जाड असतो. एवढ्या पातळ थरावरून सात किलोंचा बॉल पुन्हा पुन्हा त्याच वाटेने गेला, तर ती वाट तशीच राहील अशी अपेक्षा धरणेच चूक आहे.

हे तेल सगळीकडे सारखेही नसते. रोजच्या खेळासाठी तेलाचा जो पॅटर्न म्हणजे मांडणी घालतात, त्यात मधल्या पट्ट्यांवर भरपूर आणि दोन्ही कडांना अगदी थोडे तेल असते. त्यामुळे तो खेळणाऱ्याला सांभाळून घेतो. बॉल थोडा आत पडला तर मधले तेल त्याला फार वळू देत नाही, आणि थोडा बाहेर गेला तर कडेचा कोरडा भाग त्याला परत आणतो. पहिल्या गेममधल्या तुमच्या १९० गुणांत या मदतीचा वाटा आहे. तुमचे कौशल्य मी कमी लेखत नाही. पण ही मदत केव्हा संपते हे कळल्याशिवाय तिसरा गेम सुधारणार नाही.

आता बॉल वळतो कसा, ते पाहू. हात सुटताना बॉल पुढे सरकतो आणि त्याच वेळी स्वतःभोवती फिरतो, पण त्याचे फिरणे सरकण्याच्या मानाने फार कमी असते. समजा, तुमच्या बॉलचा वेग सेकंदाला ७.५ मीटर, म्हणजे ताशी २७ किलोमीटर आहे. बॉलची त्रिज्या सुमारे १०.८ सेंटिमीटर असते. या वेगाला बॉल अजिबात न घसरता नुसता लोळायचा असेल, तर त्याला मिनिटाला ६६० च्या आसपास फेरे घ्यावे लागतील. सर्वसाधारण खेळाडूच्या हातून तो २५० ते ३५० फेऱ्यांनी सुटतो. म्हणून लेनला टेकलेला बॉलचा बिंदू सुरुवातीला पुढे घसरत असतो. शिवाय तुमची बोटे बॉलच्या मागून आणि किंचित बाजूने वर येतात, त्यामुळे बॉलचा अक्ष तिरका होतो आणि तोच बिंदू पुढे घसरता घसरता उजवीकडेही घसरतो. घर्षण नेहमी घसरण्याच्या उलट दिशेला काम करते, म्हणजे इथे मागे आणि डावीकडे. मागचा भाग बॉलचा वेग कमी करून त्याचे फेरे वाढवतो आणि डावीकडचा भाग त्याला वळवतो. फेरे आणि वेग यांचा मेळ बसला की घसरणे थांबते, बॉल नुसता लोळू लागतो आणि त्यानंतर वळतही नाही.

म्हणून बॉलच्या प्रवासाचे तीन टप्पे मानतात: घसरणे, वळणे आणि लोळणे. तेलावर घर्षणाचा गुणांक साधारण ०.०४ आणि कोरड्या भागावर ०.२० च्या आसपास धरतात, म्हणजे जवळजवळ पाचपट फरक. तेलावर बॉल जणू आपली ताकद राखून ठेवतो आणि कोरड्यावर पोहोचला की ती खर्च करतो. तुम्हाला दिसणारे वळण म्हणजे ही खर्च करण्याची वेळ. पहिल्या गेममध्ये ती वेळ चाळीस फुटांपाशी येत होती. तुमच्या वाटेवरचे तेल उडाल्यावर ती तीस फुटांपाशी येऊ लागते, बॉलला वळायला दहा फूट जास्त मिळतात आणि तो पॉकेट (हेडपिन आणि तिच्या उजवीकडची ३ नंबरची पिन यांमधली फट) ओलांडून हेडपिनच्या डावीकडे जातो.

हे तेल जाते कुठे, याचे उत्तर तुमच्याच बॉलवर आहे. पुढच्या खेपेला बॉल परत आला की पुसण्यापूर्वी उजेडात फिरवून बघा. त्यावर तेलाची एकच रेघ नसते, तर जवळजवळ समांतर अशी अनेक वर्तुळे असतात. ती दोन ठिकाणी एकमेकांना मिळतात आणि मधे पंख्यासारखी पसरतात. बॉलच्या आतला जड गाभा सममितीने बसवलेला नसतो, म्हणून फिरताना अक्ष हळूहळू सरकतो आणि प्रत्येक फेऱ्याला पृष्ठभागाचा ताजा, कोरडा पट्टा लेनला टेकतो. रिअॅक्टिव्ह रेझिनच्या पृष्ठभागाला अतिशय सूक्ष्म छिद्रे असतात आणि ती तेल शोषून घेतात. म्हणजे प्रत्येक वेळी तुमचा बॉल लेनवरून थोडे तेल उचलून घरी नेतो, आणि एका लेनवर पाचसहा जण खेळत असतील तर हे काम तितक्या पटीने लवकर होते.

ही अडचण जुन्या खेळाडूंना एवढी तीव्रतेने जाणवत नसे. पूर्वी बॉल लाकडाचे होते, मग कडक रबराचे आले, त्यानंतर पॉलिएस्टरचे. हे सगळे तेल फारसे पीत नसत, उलट ते पुढे ढकलत आणि कोरड्या भागावर पसरवत. १९८० च्या दशकात युरेथेन आले, १९९० च्या दशकात रिअॅक्टिव्ह रेझिन, आणि लेन किती लवकर बदलते याचे गणितच बदलले. पृष्ठभागाला किती महत्त्व आहे, हे त्याआधीच एका उदाहरणाने दिसले होते. १९७३ मध्ये अमेरिकेतील व्यावसायिक खेळाडू डॉन मॅक्यून यांनी बॉल रसायनात भिजवून त्याचा पृष्ठभाग मऊ केला आणि त्या वर्षी सहा विजेतेपदे मिळवली. त्यानंतर बॉलच्या कडकपणाला किमान मर्यादा घालणारे नियम आले. हात तेच, लेन त्याच, फक्त पृष्ठभाग मऊ झाला आणि निकाल बदलले.

आता तुमच्या मूळ अडचणीकडे येते. लेन बदलली की तुम्ही बदललात, हे ओळखण्याची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे लेनवरचे बाण. फाउल लाइनपासून १२ ते १६ फुटांवर सात बाण असतात आणि ते पाच-पाच पट्ट्यांच्या अंतरावर असतात. बॉल बाणांवरून जातो तोपर्यंत तो तेलावरच असतो, म्हणजे तोवर लेनने त्याला जवळजवळ काहीच केलेले नसते. तिथपर्यंतची रेघ तुमच्या हाताची असते आणि पुढची लेनची. म्हणून बॉल पिनांना कुठे लागला ते पाहण्याआधी तो कोणत्या पट्टीवरून बाण ओलांडतो ते पाहायला शिका. बहुतेक जण बॉल सोडताक्षणी मान वर करून पिनांकडे बघतात. मी शिकवताना पहिले दोन आठवडे शिष्याला पिना मोजूच देत नाही. प्रत्येक वेळी बॉल कोणत्या पट्टीवरून गेला एवढेच त्याने सांगायचे आणि मी मागे उभी राहून माझा आकडा सांगायचा. सुरुवातीला दोघांच्या आकड्यांत तीन-चार पट्ट्यांचा फरक असतो. तो एकावर आला की निम्मे शिकवणे झाले, असे मी मानते.

तुम्ही हेच एखाद्या मित्राला मागे उभे करून किंवा मोबाइल मागे ठेवून चित्रण करून करू शकता. तिसऱ्या गेममध्ये बॉल पहिल्या गेमच्याच पट्टीवरून, तितक्याच वेगाने जात असेल आणि तरीही डावीकडे जात असेल, तर लेन बदलली आहे. तो बाणांपाशीच दोन-तीन पट्ट्या डावीकडून जात असेल, तर बदल तुमच्यात झाला आहे आणि पाय कितीही हलवले तरी ते औषध लागू पडणार नाही.

तुमच्यात बदल होण्याची दोन कारणे मला वारंवार दिसतात. पहिले कारण अंगठा. खेळताना अंगठा हळूहळू फुगतो. पहिल्या गेममध्ये सहज निघणारा अंगठा तिसऱ्या गेममध्ये छिद्रात क्षणभर अडकतो. तेवढ्या वेळात हात पुढे वर जातो, बॉल लेनवर टेकवला जाण्याऐवजी आदळतो आणि आत ओढला जातो. चांगल्या सुटकेत अंगठा आधी निघतो आणि बोटे नंतर, आणि त्या दोन क्षणांमधल्या अंतरातच बॉलला फिरणे मिळते. माझ्याकडे एक गृहस्थ येत असत, ते दोन वर्षांत तीन बॉल घेऊन झाले होते आणि तिन्हींबद्दल तक्रार एकच होती. त्यांच्या अंगठ्याच्या छिद्रात टेपचे चार थर होते. पहिल्या गेमला घट्ट बसावे म्हणून लावलेले ते थर नंतर काढायचे असतात, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. तिसऱ्या गेमच्या सुरुवातीला आम्ही दोन थर काढले आणि बॉल पुन्हा दुसऱ्या बाणावरून जाऊ लागला. तुम्हीही छिद्रात पातळ टेप ठेवा आणि अंगठ्यानुसार एकेक थर काढत किंवा लावत जा. बॉल धरून ठेवण्यासाठी अंगठ्याने दाबावे लागत असेल, तर छिद्र सैल आहे किंवा अंगठा आणि बोटे यांमधले माप चुकले आहे. ते माप ज्याने छिद्रे पाडली त्याच्याकडून तपासून घ्या.

दुसरे कारण तुम्ही स्वतःच लिहिले आहे: जोर लावणे. बॉल लवकर वळतो म्हणून वेग वाढवावा, हा विचार कागदावर बरोबर आहे, कारण वेगवान बॉल जास्त अंतर घसरतो. पण वेग कुठून येतो, हे महत्त्वाचे आहे. मोकळ्या झोक्यात हात खांद्यापासून लोलकासारखा हलतो आणि वेग त्याच्या उंचीतून व पावलांच्या गतीतून येतो. खांद्याच्या स्नायूंनी ढकलले की हात सरळ रेषा सोडून अंगावरून आडवा जातो, मनगट लवकर वळते आणि बॉल बाणांपाशीच आत पडतो. मीही शिकत असताना दीड वर्ष हेच केले आणि खांदा दुखावून बसले, म्हणून हे मनापासून सांगते. वेग वाढवायचाच असेल तर बॉल सुरुवातीला दोन-तीन इंच उंच धरा आणि पावले किंचित जलद टाका. हाताने जोर मुळीच लावू नका.

इथपर्यंतचे एकत्र सांगायचे तर, बाणांपर्यंत बॉल नेहमीच्या पट्टीवरून जात नसेल तर अंगठा आणि झोका तपासा. जात असेल तर हाताला हात लावू नका आणि पुढचे वाचा.

लेन बदलली असेल तर बदलायची ती पायांची जागा. बॉल जास्त वळून डावीकडे जात असेल, तर उजव्या हाताच्या खेळाडूने डावीकडे सरकायचे. नवख्यांना हे उलटे वाटते. पण तुम्ही डावीकडे सरकता तेव्हा अजून शिल्लक असलेल्या मधल्या तेलाकडे जाता आणि बॉलला वळायला बाहेर जास्त जागा देता. मी सुरुवातीला पाय दोन पट्ट्या डावीकडे आणि नजरेचे लक्ष्य एक पट्टी डावीकडे न्यायला सांगते. फरक पुरेसा वाटला नाही तर आणखी दोन आणि एक. फक्त पाय हलवून लक्ष्य तेच ठेवले तर बॉलची दिशा जास्त बदलते, कारण बाण साधारण १५ फुटांवर आणि पिना ६० फुटांवर आहेत. फाउल लाइनवर एक पट्टी सरकलात तर पिनांपाशी ती रेघ विरुद्ध दिशेला तिप्पट, म्हणजे तीन पट्ट्या सरकते. हे भूमितीचे उत्तर आहे आणि वळणाऱ्या बॉलला ते तंतोतंत लागू होत नाही, पण अंदाज घ्यायला पुरते.

किती सरकायचे यापेक्षा केव्हा सरकायचे, हे शिकणे कठीण आहे. तुम्ही दुसऱ्या गेमच्या मध्यापर्यंत थांबता, कारण तेव्हा बॉल उघडपणे पॉकेट सोडतो. त्याआधीच पिना तुम्हाला सूचना देत असतात. पिनांना पुढच्या ओळीपासून मागे आणि प्रत्येक ओळीत डावीकडून उजवीकडे १ ते १० असे क्रमांक असतात. नेमका स्ट्राइक पडतो, म्हणजे पहिल्याच बॉलला दहाही पिना पडतात, तेव्हा उजव्या हाताच्या खेळाडूचा बॉल स्वतः फक्त चार पिनांना लागतो: १, ३, ५ आणि ९. हेडपिन दोनला, दोन चारला आणि चार सातला पाडते, तीन सहाला आणि सहा दहाला, पाच आठला. पॉकेटची नेमकी जागा उजवीकडून मोजल्यास साडेसतराव्या पट्टीवर येते आणि बॉल तिथे ४ ते ६ अंशांच्या कोनात शिरला तर ही साखळी सर्वांत भरवशाने पूर्ण होते. सरळ टाकलेला बॉल अगदी कडेवरून टाकला तरी दीड अंशाच्या आतच राहतो. वळणाचा सगळा खटाटोप या काही अंशांसाठी आहे.

आता बॉल नेहमीपेक्षा अर्धी पट्टी जरी डावीकडे सरकला, तरी हेडपिनचा आघात बदलतो आणि चार नंबरची पिन उभी राहू लागते. लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये (एका गेममध्ये अशा दहा पाळ्या असतात) बॉल पॉकेटमध्ये लागूनही चार नंबर राहिली, तर मी तिसऱ्याची वाट पाहत नाही, सरकते. दहा नंबरची पिन राहिली तर जास्त बारकाईने पाहावे लागते. सहा नंबरची पिन उडून दहाच्या मानेभोवतून वेगाने फिरून गेली असेल, तर बॉलमध्ये जोर होता आणि चूक अगदी थोडी होती. सहा नंबर गटारात मलूल पडून राहिली असेल, तर बॉल पिनांपर्यंत पोहोचण्याआधीच लोळण्याच्या टप्प्यात गेला, त्याची ताकद वाटेतच संपली आणि हेडपिनने त्याला बाजूला ढकलले. वाटेवरचे तेल कमी झाल्याची ही सर्वांत लवकर मिळणारी खूण आहे, आणि गंमत म्हणजे तेव्हा बॉल अजून डावीकडे गेलेलाही नसतो. दोन्ही वेळा धावफलकावर नऊच लिहिले जातात. म्हणूनच धावफलक पाहून निर्णय घेऊ नका, पिन कशी पडली ते पाहून घ्या.

पॅटर्नची लांबी कळली तर आणखी एक सोपा आडाखा आहे. फुटांतल्या लांबीतून ३१ वजा करा. जी पट्टी येईल तिच्या आसपास बॉल तेलातून बाहेर पडताना असावा. ४० फुटांच्या पॅटर्नला नववी पट्टी, ४३ फुटांना बारावी. हा फक्त सुरुवातीचा अंदाज आहे आणि खेळ पुढे सरकतो तशी ती जागाही बदलते.

कधीकधी उलटेही होईल. सोबतचे खेळाडू पॉलिएस्टर किंवा युरेथेनचे बॉल वापरत असतील, तर तेल पुढे कोरड्या भागावर पसरते, बॉल उशिरा वळतो आणि पॉकेटच्या उजवीकडे राहतो. तेव्हा २-४-५-८ असा पुंजका किंवा ८-१० सारखे स्प्लिट, म्हणजे मधे अंतर असलेल्या पिना, उभे राहते. अशा वेळी उजवीकडे सरकायचे.

आता बॉलबद्दल. तुमचा बॉल संपला आहे का, याचे उत्तर तुमच्याच वर्णनात आहे. तेल पिऊन थकलेला बॉल कमी वळतो, जास्त नाही. तुमचा तिसऱ्या गेममध्येही जोमाने वळतो आहे, म्हणजे तो जिवंत आहे. तरी त्याची निगा घ्या. प्रत्येक वेळी टाकून झाल्यावर तो मायक्रोफायबरच्या फडक्याने पुसा आणि खेळ संपल्यावर, पृष्ठभाग अजून कोमट असतानाच बॉल क्लीनरने स्वच्छ करा. आत मुरलेले तेल नंतर काढणे अवघड जाते. साधारण साठेक गेम झाले की पृष्ठभाग नव्याने घासून घ्या. घासण्याच्या चकत्या ५०० पासून ४००० पर्यंत मिळतात. आकडा लहान तेवढा पृष्ठभाग खरखरीत आणि वळण लवकर. आकडा मोठा तेवढा गुळगुळीत आणि वळण उशिरा. तुमचा बॉल सध्या १००० किंवा २००० वर असेल, तर तो ४००० वर नेऊन किंवा पॉलिश करून पाहा. बॉल सुरुवातीला जास्त घसरेल आणि तिसरा गेम बराच सुसह्य होईल. मात्र ताज्या तेलावर पहिल्या गेममध्ये तो थोडा कमी वळेल, हे गृहीत धरा. आणि स्पर्धेचा खेळ सुरू असताना बॉल घासायला नियमांची परवानगी नसते, म्हणून हे आधीच करून ठेवा.

बॉलच्या आतल्या गाभ्याबद्दलही जाहिरातींत बरेच लिहिलेले असते. गाभ्याला महत्त्व आहे, पण माझ्या अनुभवात बॉलच्या वागण्यात सर्वांत मोठा वाटा पृष्ठभागाचा, त्याखालोखाल गाभ्याचा आणि मग छिद्रांच्या मांडणीचा असतो. तुमच्या टप्प्यावर दुसरा वळणारा बॉल घेतला, तर बदल लेनमुळे झाला की बॉलमुळे हे ओळखणे आणखी कठीण होईल.

तरीही दुसरा बॉल घ्यायचाच असेल, तर पॉलिएस्टरचा साधा बॉल घ्या. तो कोरड्या भागावरही जवळजवळ सरळ जातो, आणि स्पेअरसाठी, म्हणजे उरलेल्या पिना दुसऱ्यांदा टाकून पाडण्यासाठी, नेमके तेच हवे असते. दहाही फ्रेममध्ये पहिल्या बॉलला नऊ पिना पाडून प्रत्येक वेळी स्पेअर केला आणि शेवटच्या जादा बॉललाही नऊ घेतल्या, तर एकही स्ट्राइक न करता १९० गुण होतात, म्हणजे तुमच्या सर्वोत्तम गेमइतके. तुमच्या १३० च्या गेममध्ये किती स्पेअर सुटले, ते मोजून पाहा. माझा अंदाज आहे की गेलेल्या गुणांपैकी निम्म्याहून अधिक तिथे गेले असतील. कारण वळणारा बॉल स्पेअरलाही त्याच बदलत्या तेलावरून टाकला जातो आणि दहा नंबरच्या पिनेपाशी पोहोचण्याआधीच डावीकडे वळतो. सरळ बॉल डाव्या बाजूला उभे राहून तिरका टाकला की तेलाचा प्रश्नच बाजूला पडतो. त्या बॉलची छिद्रे मुख्य बॉलच्याच मापाची करून घ्या. वजन एक पौंड कमी असले तरी चालते, पण माप वेगळे असले तर अंगठ्याची सवय बिघडते.

पुढच्या वेळी तीन गेम खेळा आणि प्रत्येक फ्रेमच्या पहिल्या बॉलसाठी तीनच गोष्टी लिहा: पाय कोणत्या पट्टीवर होते, बॉल बाणांपाशी कोणत्या पट्टीवरून गेला आणि कोणत्या पिना उभ्या राहिल्या. दहा नंबर राहिली तर सहा नंबर कशी पडली, तेही लिहा. ती नोंद इथे टाकलीत, तर सरकायची वेळ नेमकी कोणत्या फ्रेममध्ये आली होती हे मला दाखवता येईल.